एका श्वासात किती शब्द

बुधवार, ३ ऑक्टोबर

एस्टिल हेन्स्लींचं ऑगस्टचं बिल परत आलं. बावीस वर्षं डॉक्टर स्टेसींच्या दवाखान्यात बिलं करतेय, माझं बिल परत येत नाही. आलंच तर चूक समोरच्याची असते. आजची चूक कुणाची तेच कळत नाही, म्हणून सकाळपासून डोकं फिरलंय. असलं काही दवाखान्याच्या नोंदीत लिहिता येत नाही, म्हणून ही वेगळी वही काढली. माझा नवरा डॉयल होता तेव्हा घरी जाऊन त्याच्यासमोर बडबडायचे. आता वही.

सरकारी विम्याने एवढंच कळवलंय की या पेशंटच्या या महिन्याच्या या सेवेचे पैसे आधीच दुसऱ्या दवाखान्याला दिले आहेत.

सेवा कसली, तर फोनवरची विचारपूस. म्हातारं माणूस, दोन-तीन जुनाट दुखणी, मग नर्सने महिन्याकाठी निदान वीस मिनिटं त्याच्यासाठी घालवायची. एकोणीस झाली तर काही मिळत नाही. आणि एका माणसाचं एका महिन्यात एकाच दवाखान्याला मिळतं, जो आधी बिल लावेल त्याला. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, हे माझं मत मी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलं होतं. आमच्याकडे हे काम ग्लेना कॉडिल करते. बावन्न वर्षांची, धिप्पाड, बिनलग्नाची, तोंडाने तिखट. मागच्या खोलीत दिवसभर कानाला फोन लावून बसते. तिच्या मिनिटांची नोंद म्हणजे मला वैताग आहे. कुणाची चार मिनिटं, कुणाची एक्कावन्न.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

दुसरा दवाखाना सापडला. शहरातलं फुप्फुसांचं मोठं केंद्र, एस्टिलकाका खाणीच्या धुळीच्या दुखण्यासाठी सहा महिन्यांतून एकदा तिथे जातात. तिथल्या बिलवाल्या मुलीशी बोलले. बोलणं गोड होतं, उगाच खोटं कशाला लिहू. जुलैच्या बाविसाला काकांनी फोनवर संमती दिली आहे, त्यांच्याकडे नोंद आहे. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वीची आहे. दोघांनीही त्यांना नियम समजावून सांगितला होता आणि दोघांनाही ते हो म्हणाले होते.

त्यांची नर्स केंद्रात नसतेच. यारित्सा नावाची कुणी मुलगी आहे, ती टेक्सासमध्ये स्वतःच्या घरी बसून आमच्या केंटकीतल्या म्हाताऱ्यांना फोन करते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

आणखी दहा बिलं परत, एस्टिलकाकांचं धरून अकरा. सगळी त्याच केंद्रापायी.

डॉक्टर तापले. म्हणाले, एकेकाला फोन करून विचार, आम्ही की ते. दिवसभर तेच केलं. आर्ब्युटस फ्यूगेटबाईंना विचारलं, तुम्ही त्यांना हो का म्हणालात? त्या म्हणाल्या, "अगं, परकी पोर एवढ्या आपुलकीने विचारते, तिला नाही कसं म्हणायचं? आईने काही वळण लावलंय की नाही मला." मग हळूच सांगितलं की गुडघ्याचे पट्टे विकणाऱ्यालाही त्या हो म्हणाल्यात.

अकराच्या अकरा जणांचं हेच. आमच्या डोंगरात माणूस हो म्हणतं त्याचा अर्थ इतकाच की तुझं बोलणं कानावर आलं, तू आता बस, पाणी घे. याला संमती म्हणायचं आणि त्याचं बिल करायचं, इथेच घोडं पेंड खातंय. तरी मी कोणत्या तोंडाने हसू? माझ्या कपाटात तीन व्हॅक्यूम क्लीनर आहेत.

डॉक्टरांचा हुकूम असा: महिनाअखेरपर्यंत सगळ्यांकडून लेखी घ्यायचं, आम्ही की ते. जे त्यांच्याकडे जातील त्यांना ग्लेनाचा फोन बंद. दवाखाना आधीच तोट्यात आहे, धर्मादाय करायला पैसा नाही. ग्लेनाला सांगितलं तर तिने फक्त विचारलं, "एस्टिल पण?" एस्टिल पण, मी म्हटलं. ती दार लावून घेऊन आत बसली.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

आज जे ऐकलं ते आजच लिहून ठेवते, उद्यावर टाकत नाही.

ग्लेनाच्या मिनिटांचा हिशेब नीट लागावा म्हणून डॉक्टरांनी मला तिच्याशेजारी बसवलं, माझ्या कानाला दुसरा इयरफोन. पहिलाच फोन एस्टिलकाकांना. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकतीस वर्षं खाणीत काढलेले, बायको गेल्यापासून ओढ्याकाठच्या घरात एकटे. कसे आहात म्हटल्यावर उत्तर आलं, "बरं म्हणायचं." इथे मरणाच्या दारातला माणूसही बरं म्हणायचं असंच म्हणतो. मग ग्लेनाने कुत्र्याची चौकशी केली, पर्सिमनच्या झाडाला फळं धरली का विचारलं. मी घड्याळाकडे बघत होते, सरकार याचे पैसे देतंय म्हणून मनात चरफडत होते.

मग ती म्हणाली, काका, स्वयंपाकघरातून औषधांच्या बाटल्या आणा आणि वरचं मोठ्याने वाचून दाखवा. ते गेले, आले, वाचायला लागले. सकाळी एक गोळी, पाण्यासोबत, पाय सुजल्यास डॉक्टरांना कळवावे. ग्लेनाची पेन्सिल कागदावर बारीक बारीक रेघा मारत होती. तीन बाटल्या झाल्या, फोन ठेवला.

"सहा," ती म्हणाली.

काय सहा, असं मी विचारलं.

"एका श्वासात सहा शब्द. सप्टेंबरात आठ होते. उन्हाळ्यात चौदा."

आणि मग थांबलीच नाही. ते आता पलंगावर झोपत नाहीत, आरामखुर्चीत बसून झोपतात, कारण टीव्ही फोनच्या अगदी जवळ वाजत होता आणि फोन हल्ली पहिल्या घंटेला उचलतात. स्वयंपाकघर दहा पावलांवर आहे, जाऊन यायला पूर्वी वीस सेकंद लागायची, आज पंचावन्न लागली, मध्ये दाराला टेकले कारण त्या दाराची बिजागरी कुरकुरते. मीही तोच फोन ऐकला होता. मला कुत्रा आणि पर्सिमन ऐकू आलं होतं.

तिने डॉक्टरांना निरोप दिला, त्यांनी लघवी सुटायची गोळी वाढवली, तिने सोमवारी दवाखान्यात या म्हणून काकांना सांगितलं. ते हो म्हणाले.

रविवार, १४ ऑक्टोबर

ग्लेनाचा घरी फोन. दर रविवारी करते. म्हणे परत आलेल्या अकरा जणांची यादी वाचून दाखव. अगं बाई, यादी तुझ्याच टेबलावर आहे. तरी वाचायला लावली, पत्त्यांसकट. मग काय जेवलीस. काय जेवणार, कालचा कॉर्नब्रेड दुधात कुस्करून खाल्ला, एकटीसाठी कोण चूल पेटवतं. चर्चला गेलीस का. नाही गेले, फेब्रुवारीपासून गुडघा धरलाय. अर्धा तास खाल्ला माझा. सुट्टीच्या दिवशीही हिला दवाखाना सुटत नाही.

बुधवार, १७ ऑक्टोबर

एस्टिलकाका सोमवारी आलेच नाहीत. काल विचारलं तर येतो म्हणाले.

मी आताशा कारण नसतानाही ग्लेनाशेजारी जाऊन बसते. आज आर्ब्युटसबाईंनी नवव्या घंटेला फोन उचलला. एरवी तिसऱ्या घंटेला उचलतात. आवाज ठणठणीत, काय ग पोरी म्हणून हसत होत्या. ग्लेनाने विचारलं, पडलात का? छे गं, कुठली पडतेय. ग्लेना म्हणाली, "कुठल्या बाजूवर?" आणि तिकडून उत्तर आलं, "डाव्या."

मी तोंडावर हात ठेवला. बावीस वर्षं मी या लोकांच्या दुखण्यांचे आकडे भरतेय. साखरेचा कोड, दम्याचा कोड, मोडलेल्या खुब्याचा कोड. खुबा मोडण्याच्या आधीचा आवाज कसा असतो ते मला कधी ठाऊकच नव्हतं. ज्याला मी गप्पा म्हणत होते ते काय आहे हे कळायला मला कानात यंत्र घालावं लागलं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त नवल वाटलं.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

अकरापैकी नऊ जणांच्या सह्या झाल्या. सात आमच्याकडे, दोन त्यांच्याकडे. आर्ब्युटसबाई आमच्या, पण त्या पोरीची माफी मागणारं पत्र माझ्याकडून लिहून घेतलं तेव्हा कुठे सही केली.

एस्टिलकाका फोनवर नुसतं हो हो करतात. आम्ही ना? हो. म्हणजे ते नकोत ना? हो. म्हणजे तेही हवेत? हो. मंगळवारी स्वतः जाते. मनात एकच विचार आहे. तिकडे गेले तर ग्लेनाचा फोन बंद, आणि मग त्या आठाचे सहा झाले हे कुणाला कळणार? केंद्राच्या ठरलेल्या बारा प्रश्नांच्या यादीला ते बारा वेळा बरं म्हणायचं म्हणतील आणि एक दिवस फोन वाजतच राहील.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

सावकाश लिहिते, नाहीतर सगळं एकदम बाहेर येईल.

दहा वाजता पोचले. काका आरामखुर्चीत, नाकाला ऑक्सिजनची नळी, पायांवर गोधडी. मला बघून उठायला गेले, मी बसवलं. नळी लावलेल्या माणसाने कॉफी करू का विचारावं, यावर काय बोलणार. कागद काढणार तोच फोन वाजला. वायरचा जुना फोन, खुर्चीच्या हातावर ठेवलेला. त्यांनी मला बोटाने गप्प राहायची खूण केली, पाठ ताठ केली, चेहऱ्यावर हसू आणलं आणि फोन उचलला.

टेक्सासची ती यारित्सा होती. आवाज बाहेर ऐकू येत होता. दम लागतो का? पायाला सूज? झोप? भूक? काका प्रत्येकाला बरं म्हणायचं, बरं म्हणायचं. आणि प्रत्येक उत्तरानंतर फोनच्या तोंडावर तळवा दाबून धरत होते, तोंड उघडून माशासारखा श्वास ओढत होते, मग तळवा काढून पुढचं उत्तर. छातीचा भाता असा वरखाली होत होता की मला बघवेना. पोरीला त्यातलं काही ऐकू गेलं नसणार. तिने आभार मानले. त्यांनी तिच्या आईचं दुखणं कसं आहे ते विचारलं आणि फोन ठेवला.

पाच मिनिटं बोलता येईना. मग म्हणाले, "पोरीचं काम झालं. तिची मिनिटं मोजतात गं वरचे."

मी विचारलं, ग्लेनाच्या फोनलाही असंच करता?

"ग्लेनासाठी जरा जास्त मेहनत पडते," ते म्हणाले, आणि हसले. हसण्याने खोकला आला.

मी कागद त्यांच्या हातात दिला आणि सहीआधी मोठ्याने वाचा, नियम आहे, असं सांगितलं. असा कुठलाही नियम नाही. पर्सखाली लपवून बोटांवर शब्द मोजत मी बसले. खाली सही करणार. श्वास. एस्टिल रे हेन्स्ली. श्वास. याद्वारे कळवतो की. इथे श्वास घेऊनही पुढचा शब्द आला नाही.

तीन. सहा नव्हते, तीन. सहा आम्हाला ऐकवले जात होते.

त्यांच्याच फोनवरून ग्लेनाला लावला. तीन म्हटलं. मग सांगितलं, तळवा, फोनच्या तोंडावर.

"मला वाटलं घळीतली लाईन तुटतेय," ती म्हणाली. एवढंच. मग तिचा आवाज बदलला आणि नर्स झाला: ओठ कसे आहेत, नखं कशी आहेत, गाडी पाठवते, तू हलू नकोस.

अँब्युलन्सला पस्तीस मिनिटं लागली. काका माझ्यावर रुसले होते. सहीला आलीस की चहाडीला, म्हणाले. मी त्यांचा हात धरून बसले होते, तो त्यांनी सोडवून मात्र घेतला नाही.

बुधवार, २४ ऑक्टोबर

फुप्फुसात पाणी भरलं होतं, हृदय थकलंय. इस्पितळातली डॉक्टरीण म्हणाली आणखी दोन दिवस गेले असते तर काही करता आलं नसतं.

संध्याकाळी पाहिलं तर ग्लेना तिच्या जुन्या कागदांची चळत काढून बसली होती. एस्टिलकाकांच्या रेघांमधल्या प्रत्येक फटीवर बोट ठेवून बघत होती. दुपारच्या जेवणापासून तशीच होती. मी म्हटलं, तू देव नाहीस. ती म्हणाली, "माहितेय. पण फट ऐकली होती मी."

मला मात्र दोघांचंही नवलच वाटतंय. घळीच्या पलीकडून फोनच्या तारेतून श्वास मोजणारी ती, आणि तिच्या कानाला फसवण्यासाठी जीव मुठीत धरून श्वास लपवणारा तो. मी गाडीत बसून रडले. का रडले ते कळलं नाही, तसं माझं काहीच बिघडलेलं नव्हतं.

बुधवार, ३१ ऑक्टोबर

काका सोमवारी घरी आले. आज शेवटची तारीख, कागद घेऊन गेले. रंग सुधारलाय, पायांची सूज उतरलीय. मनात धरूनच गेले होते की आता तर आमच्याकडेच सही करणार. जीव वाचवला त्यांचा.

त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला, आणि केंद्रापुढच्या चौकटीत खूण केली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. म्हटलं, काका, तुम्हाला नियम कळलाय ना? इकडे खूण केलीत की ग्लेनाचा फोन बंद.

"कळलाय. बस इथे." मग थांबत थांबत बोलले. "खाणीत आम्ही पहारीने छत ठोकून बघायचो. घट्ट असलं तर टण्ण वाजतं. सुटलेलं असलं तर बद्द. पण हे नुसतं सांगून कळत नाही. नवा माणूस आला की त्याला जुन्याशेजारी उभा करायचे. तू ठोक, तू सांग. असं महिनाभर. मग त्याला कान फुटायचे."

ग्लेनाचा बाप कोर्बेट त्यांच्याचजवळ शिकला. एकतीस वर्षांत एकदाच माझा कान चुकला, ते म्हणाले. मी विचारलं नाही. कोर्बेट कॉडिल छताखाली कसा गेला ते या ओढ्याकाठी सगळ्यांना ठाऊक आहे.

"ग्लेनाच्या यादीत किती?"

एकशे चाळीस, मी सांगितलं.

"त्या पोरीला विचारलं मी. तीनशे दहा. तीनशे दहा माणसं, नेड्रा, आणि सगळी बरं म्हणायचं म्हणतात. तिला कुणी शेजारी उभं केलंच नाही. ग्लेनाला म्हणावं, तिला शिकव. माझ्यावर शिकव. माझं अजून वरखाली होतंय तोवर. बरा झालो किंवा गेलो तर उपयोग नाही."

मी कागद घेऊन ओट्यावर आले आणि बराच वेळ गाडीची चावी शोधत राहिले. ती हातातच होती.

ग्लेनाला पार्किंगमध्येच सांगितलं. वाटलं तिला लागेल. तिने चष्मा काढून पुसला, परत घातला. "नंबर दे तिचा," म्हणाली.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

दुपारी एक वाजता एकाच फोनवर चौघं. ओढ्याकाठी काका, टेक्सासात यारित्सा, मागच्या खोलीत ग्लेना आणि मी. पोर घाबरलेली होती. म्हणाली, माझ्या यादीत हा प्रश्नच नाही. ग्लेना म्हणाली, हा प्रश्न नाहीच बाळा, वाचायला लाव आणि रेघा मार.

काकांनी बाटली वाचली. पोर म्हणाली, "सात?"

ग्लेनाने कागदावरच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पाच. सहावा आणि सातवा त्यांनी ओढून आणले. काका, खरं सांगा."

"ओढून आणले," काका म्हणाले.

पुन्हा वाचलं. पुन्हा. मध्येच ग्लेनाने त्यांना मुद्दाम तळवा ठेवायला सांगितला, मग काढायला, मग न सांगता ठेवायला. तळव्यामागची शांतता आणि तुटलेल्या लाईनची शांतता वेगळी असते. लाईन तुटली की मागचा टीव्हीही तुटतो. आणि तळवा ठेवला की टीव्ही लांबून, उशीखालून आल्यासारखा येत राहतो. ग्लेनाही हे याच आठवड्यात शिकली होती, जुन्या फटी आठवून आठवून. अकराव्या वेळी पोर पटकन म्हणाली, आता, आता हात आहे! काका इतके खूश झाले की ऑक्सिजन वाढवावा लागला.

मध्येच डॉक्टर स्टेसी दारात आले. हे बिल कुणाच्या नावावर, हे विचारायलाच आले होते, मला त्यांचा चेहरा पाठ आहे. दोन मिनिटं उभे राहून ऐकलं, मग खोक्यावर बसले. सगळं संपल्यावर म्हणाले, तीस वर्षं छातीला नळी लावून ऐकतोय मी, आणि उठून गेले.

त्रेपन्न मिनिटं झाली. ती आम्हाला लावता येत नाहीत, काका आमचे नाहीत. केंद्रालाही लावता येणार नाहीत, ग्लेना त्यांची नाही. दोन्ही दवाखान्यांच्या नियमांमधल्या फटीत त्रेपन्न मिनिटं पडून आहेत आणि माझ्याकडे त्यांना कोड नाही. मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट कुठल्या तरी मोठ्या ठिकाणी जाऊन आल्यासारखं वाटत होतं.

रविवार, ४ नोव्हेंबर

ग्लेनाचा नेहमीचा फोन. या वेळी पोरगीही लाईनवर. म्हणे तिला निरोग्या माणसाचाही अंदाज यायला हवा, नेड्रा, तू काहीतरी वाच. हाताशी मक्याच्या पिठाची पिशवी होती, तिच्यामागची कृती वाचली.

पोर म्हणाली, पंधरा शब्द, श्वास चांगला आहे. मग अडखळत म्हणाली, बाईंचा आवाज आज वापरलेला वाटत नाही. सकाळपासून कुणाशी बोलल्याच नसतील असा.

साफ चूक. नऊ वाजता पेट्रोल पंपावरच्या माणसाला थँक्यू म्हटलं होतं मी. तसं सांगितलंही. मग ग्लेना म्हणाली की तिची शेगडी बिघडलीय, गुरुवारी घेवडा शिजवायला माझ्याकडे येऊ का. ये म्हटलं. शिकेल पोर हळूहळू.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

घेवडा अजून चुलीवर आहे, ग्लेना भांडी घासतेय, तेवढ्यात लिहून टाकते.

अकरा वाजता यारित्साचा फोन आला. ग्लेना दुसऱ्या लाईनवर होती, म्हणून मी घेतला. पोरीचा आवाज असा की आधी वाटलं काकांचं काही झालं. तसं नव्हतं. मंगळवारी तिने यादीतल्या पुढच्या नावाला फोन लावला होता. कुणी एक बाई, आमच्या जिल्ह्यातली नाही. बाराही प्रश्नांना बरं म्हणाली. फोन ठेवता ठेवता पोरीला काय वाटलं कोण जाणे, तिने बाटली वाचायला लावली.

"दोन शब्द," यारित्सा म्हणाली. "दोन, आणि मग हात."

तिने त्या बाईला फोन ठेवू दिला नाही, दुसऱ्या फोनवरून गाडी बोलावली, गाडी येईपर्यंत वाचायला लावत राहिली. बाई आज शुद्धीवर आहे, उद्या घरी जाणार. पोर रडत होती आणि माफ करा म्हणत होती. मी तिला रडू दिलं.

काकांना हे मीच सांगायचं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत गाडी काढली आणि गेले. खुर्चीशेजारी स्टूल ओढून सगळं सांगितलं. झाल्यावर त्यांनी बाईचं नाव विचारलं.

मी म्हटलं, काका, ते सांगता येत नाही, नियम आहे. हा मात्र खराखुरा नियम होता.

त्यांनी मान हलवली.

"घरी कुणी आहे का तिच्या?" त्यांनी विचारलं.

विचारलं होतं मी पोरीला. नातू आहे, मी सांगितलं, तो न्यायला येणार आहे.

"मग झालं," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. मी स्टुलावर बसून राहिले. खोलीत त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता, मोठा, खरखरीत, न लपवलेला, आणि मला तिथून उठवेना.